तीन काठ्या दूर

धनराज मंगरूळपीरहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परत आला, तेव्हा तांड्यातल्या कुत्र्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसं? डोक्यावर नारिंगी टोप, टोपाला पुढून जाळीचा पडदा, कानांवर दोन वाट्या, मांड्यांवर जाडजूड पट्टे आणि मोटारसायकलच्या मागे बांधलेली लाकूड कापायची मशीन. पिशवीत टोप मावेना, म्हणून गडी सगळा साज अंगावर चढवूनच निघाला होता. मानोऱ्याच्या फाट्यावर दोघांनी त्याला हात करून थांबवलं आणि अदबीनं विचारलं, "साहेब, कोन्त्या खात्यातून आले?" धनराजने त्यांना लगेच खरं सांगितलं नाही, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं.

"काय रे बाप्पा," त्याची आई कमलीबाई ओट्यावरून म्हणाली, "लग्नाले चालला का लढाईले?"

सगळा तांडा हसला. त्याची बायको चंदाही हसली, पण तिचं लक्ष मशीनवर होतं. घरात दुसरी सून आली की पहिली जशी तिच्याकडे पाहते, तशी ती त्या मशीनकडे पाहत होती.

झालं होतं असं. परतीच्या पावसात एका संध्याकाळी असं वादळ आलं की आसपासच्या शिवारात लहानमोठी एकोणीस झाडं आडवी झाली. काही रस्त्यावर, काही विहिरींवर, एक तर शाळेच्या संडासावर. ग्रामपंचायतीने मशीन आणली आणि ती चालवायला कोण, असा प्रश्न निघाला. तेव्हा सगळ्यांनी धनराजचं नाव घेतलं, कारण तो अठरा हंगाम ऊस तोडत आला होता. ऊस आणि कडूनिंब यांत काही फरक असतो, हे पंचायतीच्या ध्यानात आलं नाही. धनराजच्याही आलं नाही, पण त्याबद्दल पुढे सांगतो.

अठरा हंगाम म्हणजे चंदाचेही अठरा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं धरतात. तो वाकून बुडातून ऊस तोडतो आणि न पाहता मागे टाकतो. ती त्याच्या पाठीला पाठ लावल्यासारखी मागे असते. ऊस हातात घ्यायचा, पाला काढायचा, रचायचा, मोळी बांधायची. ती एक हात मागे राहिली की ऊस पायांत येतो आणि दोघांचीही लय मोडते. चंदा कधी मागे राहिली नव्हती. "चंदा मागं असली का धनराजचा ऊस भुईले लागत नाई," असं टोळीतले लोक म्हणायचे, आणि तिला ते ऐकायला फार आवडायचं. दिवसभर दोघांत एक हाताचं अंतर. भांडणं तिथेच, समेट तिथेच, पोरीचं शिक्षण पुढे न्यायचं हा निर्णयही तिथेच झालेला. निता आता मानोऱ्याला वसतिगृहात राहून बारावी करत होती.

आपसात हे नवरा-बायको गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलत. पण गोष्ट सगळ्यांना कळायला हवी, म्हणून त्यांचं बोलणं इथे वऱ्हाडीतच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनराजने तांड्यामागे एक बाभळीचं खोड ठेवलं आणि मशीन सुरू केली. पहिलाच तुकडा कापून खाली पडायला आला. चंदा मागेच उभी होती. तिने विचार केला नाही, तिच्या हातांनी केला. ती वाकली आणि तुकडा धरायला हात पुढे घातला. मशीनची साखळी अजून फिरत होती. तिच्या बांगड्यांपासून ती वीतभर लांब होती, फार तर दीड वीत.

धनराजने मशीन थांबवली, खाली ठेवली आणि तो जमिनीवरच बसला. अठरा वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता एवढ्या मोठ्याने ओरडला.

"हात गेला असता तुहा! काहून आली जवळ?"

"मंग लाकूड कोन उचलनार?"

"मशीन बंद झाल्यावर उचलजो नं!"

"आन् तवरीक म्या काय करू?"

"दूर उभी राय."

त्याने कमलीबाईची काठी घेतली, खोडापासून तीन काठ्या अंतर मोजलं आणि तिथे एक गोटा ठेवला. प्रशिक्षण देणारे सेवादास सर म्हणाले होते, मशीन चालू असताना जवळ येणारा माणूस, मग तो बायको असो की कलेक्टर, वैरीच समजायचा. कानांवर वाट्या असतात, कोणी मागून आलेलं कळत नाही. हात लावला की माणूस दचकून वळतो आणि त्याच्यासोबत मशीनही वळते. हे सगळं धनराजने तिला नीट समजावून सांगितलं. तिला पटलंही. तरी त्या गोट्याशी उभं राहिल्यावर तिला रडू यायला लागलं, कारण आजवर तिला कोणी दूर उभी राहा म्हणून सांगितलं नव्हतं.

त्यात टोळीचा मुकादम गुलाबसिंग दुपारी येऊन टपकला. दिवाळी झाली की टोळीची गाडी साखर कारखान्याकडे निघणार होती. तिकडे पाच महिने.

"धनराजले तं मशीन भेटली," तो म्हणाला. "तू काय करशीन, चंदा? घरी बसून माश्या मारशीन? रंजीताचा खेमा यंदा अकोल्याले वाचमेन लागला, ते बी एकटीच हाय. तुमा दोघींची जोड लावतो मी. इतवारपर्यंत सांग मले."

रिकामं बसणं चंदाच्या स्वभावात नव्हतं, हे मुकादमाला बरोबर ठाऊक होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चिंधीने साखळी पुसत होता. नको जाऊ, एवढंच त्याने म्हणावं असं तिला फार वाटलं. पण तिला घरात अडकवून ठेवायला आपण कोण, असा काहीतरी शहाणा विचार त्याच्या डोक्यात आला असावा.

"तुह्या मनावर हाय," तो म्हणाला.

नवरे हे वाक्य नेमकं नको तिथे का म्हणतात, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. चंदा उठली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायला लागली.

रविवार उजाडला तो जगदेव पाटलांच्या फोनने. पाटील शेजारच्या गावचे, पोटाने मोठे आणि धीराने लहान. त्यांच्या शेतात जाणाऱ्या पांधणीवर म्हातारा कडूनिंब मुळासकट उलथून आडवा पडला होता. पलीकडे सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली झाकलेली. मळणीचं यंत्र, म्हणजे हडंबा, पाच वाजता येणार होता. आज तो परत गेला तर पुन्हा आठ दिवस मिळायचा नाही, आणि आभाळ तर भरून यायला लागलं होतं.

"चाल," धनराज चंदाला म्हणाला. "पहार घे, पाचरा घे, दोर घे."

"म्या येऊन काय करू? गोट्यापाशी उभं राहाले बुजगावनं पुरते."

पण ती निघाली. मुकादमाला संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं आणि तोवर घरात बसून डोकं खराब करून घेण्यापेक्षा हे बरं. मोटारसायकलवर मागे पहार मांडीवर आडवी धरून ती बसली. समोरून येणारी बैलगाडी रस्ता सोडून पार शेतात उतरली.

झाड मोठंच होतं. बुंधा दोन माणसांच्या कवेत मावेल न मावेल असा. एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मुळांचा मातीसकट उपटलेला गड्डा उभा राहिलेला, माणसापेक्षा उंच, आणि त्याच्या मागे चांगला बैल बसेल एवढा खड्डा. शेंडा पलीकडच्या धुऱ्यावर टेकलेला. मधलं खोड पांधणीच्या वर अधांतरी.

धनराजने आधी झाडाला चक्कर मारली. मुळांच्या मागे डोकावून पाहिलं. कुठे तारेचं कुंपण अडकलं नाही, कुठे खिळा ठोकलेला नाही, ते बघितलं. मग तीन काठ्या मोजल्या आणि धुऱ्यावर एक गोटा ठेवला.

"पाटील, तुमी त्या पयसाखाली बसा. चंदा, तू अथी."

चंदा गोट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तोंड दुसरीकडे केलं.

फांद्या झकास निघाल्या. फांदी एका बाजूला, आपण खोडाच्या दुसऱ्या बाजूला. पाय घट्ट, दोन्ही हात मशीनवर. साखळी फिरते त्या पट्टीच्या टोकाने कापायचं नाही, नाहीतर मशीन उसळून तोंडावर येते. जागा बदलताना साखळीला ब्रेक. सर सांगत होते तसं सगळं चाललं होतं. थोड्या वेळाने चंदाने तोंड इकडे केलं. रुसून किती वेळ पळसाची पानं मोजणार?

आणि दुरून पाहताना तिला एक गंमत दिसली. जवळ असताना तिला नेहमी फक्त नवऱ्याचे हात दिसायचे. इथून अख्खं झाड दिसत होतं. कुठे टेकलंय, कुठे लोंबतंय, त्याचा भार कुणीकडे ओढतोय, सगळं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं काम तिने अठरा हंगाम केलं होतं. मोळीचा भार बोटभर इकडचा तिकडे झाला तर मानेला आधी कळतं. तशीच तिची मान आता त्या खोडाकडे पाहून काहीतरी सांगायला लागली.

दोन वाजले. जगदेव पाटील पळसाखालून दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवत होते.

"अरे धनराज, फांद्याच कायले खुडून राह्यला भाजीवानी? खोड काप नं! हडंबा येऊन राह्यला!"

धनराजला घाई चढली. त्याने शेंड्याकडच्या बाजूला खोडावर वरून मशीन घातली आणि उसाच्या फडात उतरल्यासारखा सरळ खाली निघाला. उसाला भार नसतो, उसाला विचारावं लागत नाही. हे खोड मात्र दोन्हीकडे टेकलेलं आणि मधे झुकलेलं. अर्ध्यात गेल्यावर कापलेली फट हळूच मिटली आणि पट्टी आत गच्च धरली गेली. मशीन कण्हली आणि बंद पडली.

धनराजने ओढली. हलवली. पुन्हा ओढली. मशीन हलायचं नाव घेईना.

चंदा खो-खो हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

"हासतं काय?" धनराजने जाळी वर केली. तो घामाघूम झाला होता.

"मशीन बंद हाय का?"

"बंदच हाय नं! दिसत नाई?"

"मंग येऊ का जवळ?"

"ये बाई, ये."

ती पहार घेऊन इतक्या लगबगीने आली की तिला स्वतःचीच लाज वाटली. मधल्या खोडावर तिने थाप मारली.

"निताचे बाबा, याचं पोट खाली लोंबलं हाय. वरून कापसान तं हे मिटनारच. पोटातून उघडा याले."

धनराज थबकला. सेवादास सरांनी फळ्यावर हेच काढून दाखवलं होतं. वरचा भाग दाबलेला, खालचा ताणलेला. वरून थोडं कापा, मग खालून पुरं करा. फळ्यावर समजलं होतं. पाटलांच्या घड्याळापुढे विसरलं. आणि इकडे शाळेची पायरी न चढलेली त्याची बायको तीन काठ्यांवरून तेच सांगत होती.

"हे तुले कोनी सांगतलं?"

"मानेनं," चंदा म्हणाली.

फटीत पाचर ठोकली. दोघांनी मिळून खोडाखाली पहार घातली, धनराजने खांदा लावला, चंदाने भार टाकला, खोड दोन बोटं उचललं आणि मशीन सुटली. मग ती परत गोट्यापाशी गेली, या वेळी तोंड न फिरवता. धनराजने खालून मशीन लावली, फट उघडत गेली, आणि शेंड्याकडचा भाग धप्पकन धुऱ्यावर बसला.

आता मुळांकडची बाजू. इथे खोड एकाच बाजूने धरलेलं, दुसरं टोक मोकळं. धनराजने मशीन सुरू करायच्या आधी बायकोकडे पाहिलं. तिने हाताने दाखवलं, आधी खालून थोडं, मग वरून. त्याने मान हलवली. मग हे खोड सुटल्यावर मुळांचा गड्डा मागे खड्ड्यात बसू शकतो, हेही त्याच्या ध्यानात होतं. म्हणून तो एका बाजूला उभा राहिला. खड्ड्याकडे त्याने सकाळी पाहिलंच होतं. तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

मशीन गरजायला लागली. भुसा उडायला लागला. खालचा काप झाला, वरचा सुरू झाला. चंदा सहज पळसाकडे पाहायला गेली, तर पळसाखाली कोणी नाही.

आणि त्याच वेळी मुळांच्या मागून तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची लाल पिंक उडाली.

चंदा बाजूला वाकून, टाचा उंचावून बघते तो काय! जगदेव पाटील खड्ड्यात, मुळांना पाठ टेकून, गार सावलीत ऐसपैस बसलेले. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. हडंबावाल्याशी बोलणं चाललं होतं.

"पाटील!" ती ओरडली. "निताचे बाबा! थांबवा!"

कोणी ऐकेना. एकाच्या कानावर वाट्या, दुसऱ्याच्या कानात बोट.

चंदाचे पाय सुटले. अठरा वर्षं ते पाय एकच गोष्ट शिकले होते, नवऱ्यापाशी जायचं. एक पाऊल गोट्याच्या पुढे, दुसरं पाऊल. हात आधीच पुढे झाला होता, त्याची बाही धरायला. आणि मग तिला डोळ्यांसमोर दिसलं, तो दचकून वळतो, आणि त्याच्या हातात काय आहे. ती थांबली. आयुष्यात एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं. छाती पुढे ओढत होती आणि पाय तिने जमिनीत रोवून धरले होते.

ती दोन पावलं मागे आली आणि काळ्या मातीचं ओलं ढेकूळ उचलून तिने भिरकावलं. ते धनराजच्या डोक्यावरून पार पलीकडे गेलं. दुसरं उचललं, यावेळी मोठं, आणि मनातल्या मनात तांड्याच्या संताचं, सेवाभायाचं नाव घेतलं. ते नारिंगी टोपाच्या बरोबर मधोमध बसलं आणि फुटलं.

धनराजचं बोट सुटलं. ब्रेक, मग बटण. शांतता.

"चंदे!" जाळी वर करून तो गरजला. टोपावरून चिखल ओघळून मिशीत गेला होता. "याड लागलं का तुले?"

तिने मुळांच्या मागे बोट दाखवलं.

धनराज वळसा घालून मुळांच्या मागे गेला. पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं, फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "काहून बंद केली रे? पाच वाजता हडंबा..."

"पाटील, उठा."

"अरे, पयसाखाली ऊन आलं. अथी कशी गारेगार..."

"उठा म्हंतो नं!"

आवाजात काय होतं कोण जाणे, पाटील उठले. घाईत एक चप्पल चिखलात रुतून राहिली. ती काढायला ते वाकत होते, तर धनराजने त्यांना दंडाला धरून वर ओढलं आणि थेट चंदाच्या गोट्यापाशी नेऊन उभं केलं. मग तो परत गेला. खड्डा पुन्हा एकदा पाहिला. चंदाकडे पाहिलं. तिने सगळीकडे नजर फिरवली, पाटलांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं आणि हात वर केला.

राहिलेला काप चार बोटांचा होता. तो पुरा झाला, खोड खाली बसलं, आणि बुंध्याचं उरलेलं टोक हळूच वर उठायला लागलं. आधी कुरकुर झाली. मग मुळांचा अख्खा गड्डा, मातीसकट, मागे कलला आणि खड्ड्यात जाऊन बसला. जमीन पायाखाली हादरली. खड्डा राहिलाच नाही. कडूनिंबाचा खुंट असा सरळ उभा होता, जसं काही वादळ आलंच नव्हतं.

पाटील आपल्या एका अनवाणी पायाकडे पाहत राहिले.

"मही चप्पल," पाटील शेवटी म्हणाले. मग त्यांना काय झालं ते नीट कळलं आणि ते होते तिथेच चिखलात बसले. चंदाने त्यांना पाणी दिलं. अर्धं प्यायले, अर्धं डोक्यावर ओतून घेतलं.

त्यानंतर पाटलांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. गोट्यापाशी शहाण्या पोरासारखे बसून राहिले, आणि चंदाने हात वर केला की त्यांचाही हात आपोआप वर व्हायला लागला. खोडाचे तुकडे पडत गेले. प्रत्येक तुकड्याआधी धनराज तिच्याकडे पाहायचा. ती दाखवायची, वरून, खालून, थांब, पाचर घाल. मशीन बंद झाली की ती जवळ यायची, दोघं पहारीने तुकडा गडगडत बाजूला न्यायचे, आणि ती परत जायची. चार वाजेपर्यंत त्यांची लय लागली. उसातली लय निराळी, ही निराळी. या लयीत मधे मोकळी जागा होती, पण ती रिकामी नव्हती.

पाचच्या सुमाराला हडंबा आला. चालवणारा हरीओम पांधणीतून हळूहळू पुढे निघाला, धनराजपाशी थांबला आणि पाटलांच्या एका पायाकडे पाहून म्हणाला, "काका, चप्पल कुठी हाय?"

"झाडाले दिली," पाटील म्हणाले. "तू चाल, गंजीपाशी."

गंजीवरची ताडपत्री निघाली, हडंबा घुमायला लागला. पाऊस अजून लांब होता. धनराज आणि चंदा कापलेल्या लाकडावर बसले. गरम मशीन बाजूला निवत पडली होती. इंधन ती गार झाल्यावरच भरायचं.

"तू आली नाई," धनराज म्हणाला.

"काय?"

"धावून. माह्यापाशी. मी पाह्यलं. गोट्याच्या म्होरं तुह्या पायाचे दोनच ठसे हायेत." तो ओल्या मातीकडे पाहत होता. "मले हात लावला असता नं तू, तं मी वळलो असतो. मशीनसंगं."

"मले समजत होतं ते."

"तुले थांबता कसं आलं?"

"लय जड गेलं," चंदा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. "लगन झाल्यापासून एवढं जड काईच गेलं नाई."

धनराजने चिखलाचा हात पँटीला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला. पाटील तिकडून पाहत होते, पण आज त्यांना काही म्हणायचं नव्हतं.

तेवढ्यात चंदाचा फोन वाजला. गुलाबसिंगचा. तिने आवाज मोठा करून फोन मधे ठेवला.

"काय ठरलं, चंदा? रंजीता तयार हाय. नाव लिहू का तुहं?"

चंदाने धनराजकडे पाहिलं. आता पुन्हा तेच वाक्य म्हणाला तर पहार याच्या डोक्यात घालायची, असं तिने ठरवलं. टोप काढून ठेवलेलाच होता.

धनराजने फोन उचलला. "मुकादम, चंदा नाई येत. ती माह्यासंगं कामाले हाय."

"मशीनवर? लेका, मशीन तं एकटा मानूस चालवते!"

"चालवते एकटाच. थांबवाले दुसरा लागते."

"थांबवाले बटन असंन नं त्याले!"

"बटन माह्या हातात हाय," धनराज म्हणाला. "अक्कल तिच्यापाशी हाय."

चंदाने फोन धनराजच्या हातातून काढून घेतला.

"मुकादम, जरा थांबा," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "कामाले हाय म्हनून तुमीच सांगून टाकलं. मले इचारलं का?"

धनराज गडबडला. त्याने पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी आभाळाकडे पाहिलं. तिकडे मुकादम ऐकत होता, इकडे हडंबा घुमत होता, आणि हा चाळिशीचा बाप्या पहिल्यांदाच मुलगी पाहायला आल्यासारखा लाल झाला.

"चंदा," तो म्हणाला, "राह्यतं का माह्यासंगं?"

तिने त्याला थोडा वेळ तसंच ठेवलं. चार दिवस तिने वाट पाहिली होती, त्याने चार घटका पाहायला काही हरकत नव्हती.

"राहीन," ती फोनमध्ये म्हणाली, म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांनाच एकदम उत्तर मिळालं.